ॲसिटिक ॲसिड जिवाणू कसे शोधायचे, कसे ओळखायचे: पुण्यातल्या नवशिक्या अभ्यासकांसाठी

मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना छोटा प्रकल्प निवडायची वेळ आली की ॲसिटिक ॲसिड जिवाणूंचं, म्हणजे दारूतल्या इथेनॉलचं व्हिनेगरमधलं आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं, नाव हमखास निघतं. साहित्य बेताच्या खर्चात मिळतं, बहुतेक जाती निरोगी माणसाला अपाय करत नाहीत आणि निकाल डोळ्यांना दिसतात. पण याच सोपेपणामुळे काम अर्ध्यात थांबतं. प्लेटवर कॉलनीभोवती पारदर्शक वर्तुळ दिसलं, फोटो काढला, ‘ॲसिटोबॅक्टर मिळाला’ असं वहीत लिहिलं आणि प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेली. आम्ल तर कितीतरी जिवाणू बनवतात. यांनी बनवलेल्या आम्लाचं पुढे काय होतं, हे पाहिल्याशिवाय ओळख पटत नाही आणि त्यासाठी आठवडाभर तीच प्लेट रोज पाहावी लागते. हा लेख त्या आठवड्यासाठी आहे.

आधी ओळख

हे जिवाणू ॲसिटोबॅक्टरेसी कुळातले. ग्राम-ऋण, लांबट गोल किंवा दांडीसारखे, साधारण अर्धा ते पाऊण मायक्रॉन रुंद आणि एक ते चार मायक्रॉन लांब. ऑक्सिजनशिवाय यांचं भागत नाही. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पीएच ५ ते ६.५ आवडतो, पण ३.५ ते ४ पीएचलाही ते वाढतात आणि आपल्या कामात याच गुणाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

दारूचं व्हिनेगर होण्यामागे जिवंत पेशींचा थर असतो, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. ॲसिटोबॅक्टर ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) बायरिंक यांनी १८९८ मध्ये मांडली. आज या गटात वीसहून अधिक प्रजाती आहेत. नवशिक्याच्या हाती येण्याची शक्यता असलेल्या मुख्य तीन: ॲसिटोबॅक्टर, ग्लुकोनोबॅक्टर आणि कोमागाटाइबॅक्टर. उसावर काम करणार असाल तर चौथी, ग्लुकोनॅसिटोबॅक्टर. भारताशी थेट नातं असलेली एक प्रजातीही सांगून ठेवतो: तामिळनाडूत खारफुटीजवळच्या रानटी भातापासून वेगळी काढलेली स्वामिनाथानिया. २००४ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि नाव डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्यावरून ठेवलं गेलं.

यांची कामाची पद्धत समजून घेतली की पुढच्या सगळ्या चाचण्या आपोआप उलगडतात. बहुतेक जिवाणू अन्न पेशीच्या आत घेऊन फोडतात. हे मात्र बरंचसं काम पेशीपटलावरच उरकतात. इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करणारं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आणि त्यापुढे ॲसिटिक आम्ल करणारं ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज, दोन्ही विकरं आतल्या पटलाला चिकटलेली असतात आणि त्यांची कामाची बाजू बाहेर वळलेली असते. इथेनॉलमधून काढलेले इलेक्ट्रॉन पटलातल्या युबिक्विनोनकडे आणि तिथून शेवटी ऑक्सिजनकडे जातात. ऊर्जा पेशीला मिळते, आम्ल बाहेरच्या बाहेर राहतं. त्या आम्लात शेजारचे बरेच प्रतिस्पर्धी मरतात. यीस्टने साखरेची दारू करून ठेवावी आणि यांनी हवेच्या काठावर बसून तिचं आम्ल करावं, अशी ही निसर्गातली वाटणी आहे.

इथेनॉल संपल्यावर मात्र दोन वाटा फुटतात. ॲसिटोबॅक्टर साठलेलं आम्ल आत घेतो आणि सायट्रिक आम्ल चक्रातून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो. ग्लुकोनोबॅक्टरमध्ये हे चक्र अपुरं असल्यामुळे त्याला ते जमत नाही. त्याने केलेलं आम्ल तसंच राहतं. या दुसऱ्या टप्प्याला अतिऑक्सिडीकरण म्हणतात. प्लेट लवकर फेकू नका असं मी म्हणतो, त्याचं कारण हेच.

सॅम्पल कुठून घ्यायचं

पुण्यात सॅम्पलची चणचण नाही. महात्मा फुले मंडईत किंवा मार्केट यार्डात संध्याकाळी गेलात तर पिचकलेली, आंबूस वास येणारी फळं बाजूला काढलेली दिसतील. “मावशी, डागी अंजिरं टाकणार असाल तर दोन-चार द्या ना,” असं विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. हंगामात पुरंदरची अंजिरं उत्तम: साल पातळ, साखर भरपूर, लवकर फुटतात आणि यीस्ट आधीच कामाला लागलेलं असतं. द्राक्षं, पेरू, अननस, सीताफळ हेही चालतं. सडून काळं पडलेलं किंवा बुरशीने झाकलेलं फळ नको. फुटलेलं, रस सुटलेलं आणि नाकाला किंचित झोंबणाऱ्या वासाचं फळ हवं. भोवती चिलटं घोंगावत असतील तर फारच छान, कारण त्यांच्या आतड्यात ॲसिटोबॅक्टर आणि ग्लुकोनोबॅक्टर असतात आणि एका फळावरून दुसऱ्यावर ती ते पसरवतात. याच कारणाने प्रयोगशाळेत मात्र चिलटं फिरकू देऊ नका. उघड्या प्लेटवर बसलेलं एक चिलट सगळी मेहनत वाया घालवतं.

नीरा हे माझं आवडतं सॅम्पल. सकाळी नीरा केंद्रावरून घेतलेली ताजी नीरा कापसाचा बोळा लावलेल्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये तशीच ठेवा. आधी ती फसफसते, मग आंबते आणि तीन-चार दिवसांत व्हिनेगरच्या वासाकडे झुकते. यीस्ट, लॅक्टिक जिवाणू आणि ॲसिटिक जिवाणू यांचा क्रम एकाच फ्लास्कमध्ये पाहता येतो. रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि चित्र काढून ठेवा.

दुकानातलं व्हिनेगर घ्यायचं तर लेबल वाचून घ्या. सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक ॲसिड. त्यात जिवाणूंचा प्रश्नच येत नाही. पाश्चरीकरण केलेल्या किंवा गाळलेल्या बाटलीतूनही काही हाती लागणार नाही. तळाशी गाळ असलेलं, न गाळलेलं ‘मदर’वालं (जिवाणूंचा साका असलेलं) व्हिनेगर घेतलंत तरी एक अडचण राहते: जास्त आम्लात राहायची सवय झालेल्या पेशी साध्या प्लेटवर सहजी वाढत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर दिसतात आणि प्लेट कोरी राहते. सुरुवात फळांपासून करा.

प्रत्येक सॅम्पलवर ठिकाण, तारीख, वेळ, फळाची अवस्था आणि पीएच पट्टीवरचा आकडा लिहा. त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत सॅम्पल राहू देऊ नका.

संवर्धन: यीस्टला मागे ठेवायचं

फळ थेट प्लेटवर टाकलं तर यीस्ट आणि बुरशी सगळी जागा व्यापतात. म्हणून आधी निवडक द्रव माध्यमात वाढवून घ्यायचं. एक लिटरसाठी ग्लुकोज १५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, पेप्टोन ३ ग्रॅम. हे ऑटोक्लेव्ह करून कोमट झाल्यावर इथेनॉल २० मिलिलिटर आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ३ मिलिलिटर घाला. इथेनॉल आधी घातलं तर ऑटोक्लेव्हमध्येच उडून जाईल. पीएच चारच्या आसपास आला आहे ना, हे पट्टीने तपासा. यीस्ट दाबण्यासाठी लिटरला १०० मिलिग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड वापरतात. ते विषारी आहे. पूड वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेतच आणि शिक्षकांच्या देखरेखीशिवाय बाटली उघडू नका. त्याऐवजी नॅटामायसिन वापरता येतं.

इथेनॉल कॉलेजला राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर मिळतं आणि त्याची नोंदवही असते. तुम्हाला किती लागणार याचा हिशेब आधी करून प्रयोगशाळा सहायकांना सांगून ठेवा. ऐन वेळी बाटली मागायला जाऊ नका. बर्नर पेटलेला असताना इथेनॉल ओतायचं नाही, हेही इथेच सांगतो.

आता ऑक्सिजन. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त माध्यम भरू नका. तोंडाला कापसाचा बोळा लावा. घट्ट झाकण किंवा फॉइल आवळून बसवू नका. ग्रॅमभर ठेचलेलं फळ किंवा मिलिलिटरभर नीरा घालून ३० अंशांवर ठेवा. शेकर नसला तरी बिघडत नाही. स्थिर फ्लास्कमध्ये उलट एक गोष्ट दिसते: तीन ते सात दिवसांत पृष्ठभागावर पातळ पापुद्रा येतो किंवा काचेच्या कडेला कडं धरतं, आणि वास झोंबू लागतो. बुडबुडे येत असतील तर समजा यीस्ट अजून जिवंत आहे, कारण ॲसिटिक जिवाणू इथेनॉलचं आम्ल करताना वायू सोडत नाहीत. पापुद्रा आला म्हणून हुरळून जाऊ नका. काही यीस्टही असाच पापुद्रा धरतात. ४०० पट मोठं करून बघितलं की फरक लगेच कळतो. यीस्टच्या पेशी कितीतरी मोठ्या असतात आणि त्यांना कोंब फुटलेले दिसतात.

जीवायसी प्लेट आणि तिची रोजनिशी

ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचं हे माध्यम. १०० मिलिलिटरसाठी ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट २ ग्रॅम, ॲगार २ ग्रॅम. ग्लुकोज थोड्या पाण्यात वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. इतकी साखर यीस्ट एक्स्ट्रॅक्टबरोबर तापली की माध्यम तपकिरी होतं. काही जाती स्वतः तपकिरी रंग सोडतात, त्यामुळे माध्यमच तपकिरी असेल तर पुढे काहीच सांगता येणार नाही.

कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत निवू द्या, प्रत्येक प्लेट ओतण्याआधी फ्लास्क गोल फिरवून घ्या, बुडबुडे येतील असा हलवू नका. चांगली प्लेट दुधासारखी एकसारखी पांढरी दिसते. एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काचेसारखी झाली असेल तर ती वापरू नका, तिच्यावरचं वर्तुळ काहीच सांगणार नाही.

संवर्धन द्रवाचे दहाच्या पटीत सौम्य नमुने करून १०⁻³ ते १०⁻⁶ चे ०.१ मिलिलिटर पसरवा. प्लेट उलट्या ठेवा, पॅराफिल्म गुंडाळू नका. ३० अंशांचा इन्क्युबेटर हवाच. पुण्याच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान दुपारी यांच्या सोयीच्या वर जातं आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते इतकं उतरतं की वाढ रेंगाळते.

पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात. तिसऱ्या दिवशी ते एक-दोन मिलिमीटरचे, फुगीर, फिकट मलईच्या रंगाचे होतात आणि भोवती माध्यम पारदर्शक होऊ लागतं. हे वर्तुळ म्हणजे आम्लात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत वर्तुळं एकमेकांत मिसळतात, काही कॉलन्या गुलाबीसर किंवा तपकिरी पडतात, एखादी कडक, लूपला चिकटून अख्खी उचलली जाणारी निघते. ती सेल्युलोज बनवणारी असू शकते, वेगळी खूण करून ठेवा. रोज ठरलेल्या वेळी, मागे काळा कागद धरून फोटो घ्या आणि कॉलनीचा व वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजून लिहा.

नंतर वेगवेगळ्या दिसणाऱ्या आठ-दहा कॉलन्या निवडा आणि नव्या प्लेटवर स्ट्रीक करून (लूपने रेषा ओढत पसरवून) दोन-तीन वेळा शुद्ध करा. ॲसिटिक जिवाणूंच्या चिकट कॉलनीत यीस्टची एखादी पेशी अडकून पुढे पुढे येत राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्या.

तोतये कसे बाजूला काढायचे

वर्तुळ उमटवणारे आणखी दोन गट हमखास येतात. पहिले लॅक्टिक जिवाणू. ते ग्राम-धन असतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ३ टक्के द्रावणात बुडबुडे देत नाहीत (हीच कॅटालेज चाचणी). ॲसिटिक जिवाणू बहुतेक सगळे देतात (ॲसिटोबॅक्टर पेरॉक्सिडान्स हा अपवाद). ग्राम रंजन ताज्या, २४ ते ४८ तासांच्या वाढीवरच करा; जुन्या पेशी काही जांभळ्या, काही गुलाबी दिसून गोंधळात टाकतात.

दुसरा गट म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या नात्यातले, एन्टेरोबॅक्टरसारखे. इथे खरी गोची होते. तेही ग्राम-ऋण, कॅटालेज धन आणि ऑक्सिडेज ऋण, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या तीन चाचण्यांत हुबेहूब आपल्या जिवाणूंसारखे. त्यांना दोन प्रश्न विचारायचे. हवेशिवाय वाढतोस का? अर्धवट घट्ट ॲगारच्या नळीत सुईने खोलवर टोचून पाहा: ॲसिटिक जिवाणू फक्त वरच्या टोकाला वाढतात, एन्टेरोबॅक्टर टोचलेल्या सगळ्या रेषेभर वाढतो. दुसरा प्रश्न: साडेतीन पीएचला वाढतोस का? ॲसिटिक जिवाणू वाढतात. या दोन प्रश्नांत जो टिकला, त्याच्यावरच पुढचा खर्च करा.

मुख्य परीक्षा: आम्लाचं पुढे काय होतं

यासाठी कार या संशोधकाच्या नावाचं माध्यम करा. १०० मिलिलिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, ॲगार २ ग्रॅम, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन २.२ मिलिग्रॅम आणि निवल्यावर इथेनॉल २ मिलिलिटर. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन ३.८ पीएचच्या खाली पिवळा आणि ५.४ च्या वर निळा असतो, त्यामुळे ताजी प्लेट निळसर हिरवी दिसते. शुद्ध कॉलनीचा ठिपका मध्यभागी ठेवा.

दोन-तीन दिवसांत भोवतालचा भाग पिवळा होतो: इथेनॉलचं ॲसिटिक आम्ल झालं. इथे ग्लुकोनोबॅक्टर आणि ॲसिटोबॅक्टर दोघंही सारखेच दिसतात. प्लेट तशीच ठेवा. ॲसिटोबॅक्टर असेल तर पुढच्या काही दिवसांत पिवळा भाग पुन्हा निळसर हिरवा होऊ लागतो, कारण त्याने आम्ल खायला घेतलं. ग्लुकोनोबॅक्टर असेल तर पिवळा रंग टिकून राहतो. पाचव्या दिवशी निकाल लिहिलात तर धिम्या ॲसिटोबॅक्टरला ग्लुकोनोबॅक्टर म्हणून बसाल. दहा दिवस थांबा. कोमागाटाइबॅक्टर आणि ग्लुकोनॅसिटोबॅक्टरही आम्ल पुढे जाळतात, म्हणून रंग परतला तर ‘ग्लुकोनोबॅक्टर नव्हे’ इतकंच लिहा. असाया ही प्रजाती इथेनॉलपासून आम्ल करतच नाही किंवा अगदी कमी करते. ती फुलांवरून आणि काही डासांच्या आतड्यांतूनही मिळते.

हीच गोष्ट फ्रातेअरच्या माध्यमावर आणखी देखणी दिसते. त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, कॅल्शियम कार्बोनेट २ टक्के आणि इथेनॉल २ टक्के असतं. आधी पांढऱ्या माध्यमात पारदर्शक वर्तुळ पडतं. पुढे ॲसिटोबॅक्टर कॅल्शियम ॲसिटेट जाळतो, कार्बोनेट पुन्हा तयार होतं आणि त्याच वर्तुळात पांढरं धुकं परत दाटतं.

आकड्यांत पाहायचं असेल तर टायट्रेशन करा. प्रकल्पाच्या अहवालात हाच आलेख सगळ्यात जास्त बोलका ठरतो. २ टक्के इथेनॉल असलेलं द्रव माध्यम दोन-तीन फ्लास्कमध्ये घ्या. त्यातला एक फ्लास्क जिवाणू न घालता ठेवायचा, कारण यीस्ट एक्स्ट्रॅक्टचंही थोडं आम्ल मोजलं जातं आणि ते वजा करावं लागतं. दर दिवसाआड ५ मिलिलिटर काढा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिकट गुलाबी होईपर्यंत टायट्रेट करा. एक मिलिलिटर ०.१ नॉर्मल अल्कली म्हणजे ६ मिलिग्रॅम ॲसिटिक आम्ल. ५ मिलिलिटर नमुन्याला १० मिलिलिटर अल्कली लागली तर ६० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरला १.२ ग्रॅम.

जास्तीत जास्त किती होऊ शकतं? १ ग्रॅम इथेनॉलपासून हिशेबाने १.३ ग्रॅम आम्ल मिळतं. आकारमानाने २ टक्के इथेनॉल म्हणजे १०० मिलिलिटरला साधारण १.५८ ग्रॅम, म्हणून कमाल सुमारे २ ग्रॅम आम्ल. प्रत्यक्षात कमीच मिळतं, थोडं इथेनॉल उडून जातं. २ च्या वर आकडा आला तर अल्कलीची तीव्रता पुन्हा तपासा. आलेख वर चढतो, टेकतो आणि ॲसिटोबॅक्टरमध्ये पुन्हा उतरतो. तो कधी उतरू लागतो याची तारीख महत्त्वाची: इथेनॉल संपत आल्याची ती खूण. व्हिनेगर कारखान्यात थोडं इथेनॉल शिल्लक असतानाच बॅच काढून घेतात, ते हा उतार टाळण्यासाठीच. तुलनेला एक आकडा लक्षात ठेवा: भारतीय अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं.

ग्लुकोनोबॅक्टर निघाला तर

निराश होऊ नका. उद्योगात हाच जिवाणू फार मोलाचा आहे. सॉर्बिटॉलचं सॉर्बोज तो जवळजवळ अचूकपणे करतो, आणि क जीवनसत्त्व बनवण्याच्या १९३० च्या दशकातल्या राइखस्टाइन पद्धतीत मधली एक पायरी याच कुळाच्या हाती सोपवलेली आहे. ग्लिसरॉलपासून तो डायहायड्रॉक्सीॲसिटोन बनवतो. हे तपासायला सोपं: ग्लुकोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ॲगारवर वाढवा आणि चार-पाच दिवसांनी प्लेटवर फेलिंगचं द्रावण ओता. न तापवताच कॉलनीभोवती केशरी वलय उमटलं तर डायहायड्रॉक्सीॲसिटोन तयार झालं आहे. ॲसिटोबॅक्टरच्याही काही जाती हे करतात, त्यामुळे हा पुरावा कारच्या प्लेटसोबतच वाचायचा.

जाड साय धरणारा मिळाला तर

स्थिर फ्लास्कमध्ये रबरासारखा जाड, पांढरट थर आला तर सेल्युलोजची शक्यता आहे. ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्येच हा थर सेल्युलोजचा असल्याचं दाखवलं होतं. तो जिवाणू आज कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणून ओळखला जातो. तपासायला हेस्ट्रिन आणि श्राम यांचं माध्यम वापरा: लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायसोडियम फॉस्फेट २.७ आणि सायट्रिक आम्ल १.१५ ग्रॅम. सात ते दहा दिवस फ्लास्कला धक्काही लागू देऊ नका. मग थर काढून ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास उकळा. पेशी आणि प्रथिनं निघून जातात. सेल्युलोज असेल तर पांढराशुभ्र पडदा शाबूत उरतो. हलत्या शेकरवर वारंवार वाढवलं की सेल्युलोज न बनवणाऱ्या पेशी पुढे सरसावतात आणि गुण हरवतो, म्हणून हे कल्चर स्थिरच जपा.

उसातला नातेवाईक

पुणे जिल्ह्यात हा विषय शेतापर्यंत पोचलेला आहे. शेतकरी ऊसलागणीच्या वेळी ज्या ‘ॲसिटोबॅक्टर’मध्ये बेणं बुडवतात, तो ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये काव्हालकान्ते आणि डोबेरायनर यांनी उसात त्याचा शोध लावला. तो उसाच्या पेशींमधल्या जागेत राहून हवेतलं नत्र स्थिर करतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी जिवाणू खतांवर काम चालतं. पत्र घेऊन गेलात तर बरंच शिकायला मिळेल.

तो वेगळा काढायची रीत निराळी आहे. उसाच्या कांड्याचा बाहेरचा भाग निर्जंतुक करून आतला गर ठेचा. माध्यमात साखर १० टक्के, फॉस्फेट, मॅग्नेशियम, लोह आणि मॉलिब्डेनमचे अंश, ब्रोमोथायमॉल ब्लू आणि जेमतेम ०.२ टक्के ॲगार घ्या. नत्र अजिबात नको. पीएच ॲसिटिक आम्लाने ५.५ करा. अर्धवट घट्ट माध्यमाच्या पृष्ठभागाजवळ पाच-सात दिवसांत पिवळा पापुद्रा धरला तर वाट बरोबर आहे. पुढे १० टक्के साखरेच्या बटाटा ॲगारवर त्याच्या कॉलन्या चॉकलेटी तपकिरी होतात. इतका ठळक रंग नवशिक्याला फार आधार देतो. जिवाणू खताच्या बाटलीतला नमुना सोबत तुलनेसाठी लावा.

नाव देताना

वरच्या चाचण्यांतून प्रजातीपर्यंत पोचता येतं, जातीचं नाव देता येत नाही. त्यासाठी १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम लागतो. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (त्या जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बहुतेक प्रयोगशाळांत असतात. पण कोमागाटाइबॅक्टरच्या कित्येक जातींचे १६एस क्रम ९९ टक्क्यांहून अधिक सारखे आहेत. संगणकावर सगळ्यात वर आलेलं नाव उचलून अहवालात लिहू नका. ‘कोमागाटाइबॅक्टर, जात अनिश्चित’ हे प्रामाणिक उत्तर आहे. अधिक खात्री हवी तर १६एस आणि २३एस यांच्या मधला भाग किंवा संपूर्ण जीनोम पाहावा लागतो.

पुण्यात असण्याचा इथे मोठा फायदा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; तुलनेसाठी ओळख पटलेला एक ॲसिटोबॅक्टर आणि एक ग्लुकोनोबॅक्टर तिथून कॉलेजमार्फत मागवा. हे दोन जिवाणू प्रत्येक प्लेटवर तुमच्या कल्चरशेजारी लावले नाहीत तर रंगबदल खरा की माध्यमाचा दोष, हे ठरवता येत नाही. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे. तिथे जिवाणू ओळखून देण्याची सेवा मिळते आणि चांगलं कल्चर जमाही करता येतं.

जपून ठेवताना

ॲसिटिक जिवाणू स्वतःच्याच आम्लात मरतात. साध्या ॲगारच्या स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेलं माध्यम) ठेवलेलं कल्चर लवकर दगावतं. जीवायसी स्लँटमधलं कॅल्शियम कार्बोनेट आम्ल शोषून घेतं, म्हणून तेच वापरा. ४ अंशांवर ठेवून दर तीन-चार आठवड्यांनी नव्या स्लँटवर घ्या. फार वेळा पुढे नेत राहिलं तर गुण बदलतात. ॲसिटोबॅक्टर पाश्चुरिआनसच्या जीनोममध्ये उड्या मारणारी जनुकं २८० हून अधिक आढळली आहेत. आम्ल सहन करण्याची किंवा सेल्युलोज बनवण्याची ताकद अशाच बदलांतून हरवू शकते. म्हणून पहिल्या शुद्धीकरणानंतर लगेच २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये पाच-सहा छोट्या नळ्या भरून उणे ८० अंशांत ठेवून द्या. नळीवर सॅम्पलचा क्रमांक, फळ, ठिकाण, तारीख आणि कितव्यांदा स्ट्रीक केलेलं कल्चर आहे ते लिहा, आणि कारच्या प्लेटवर रंग कितव्या दिवशी पिवळा झाला व कितव्या दिवशी परतला हे दोन आकडे वहीत त्याच क्रमांकापुढे नोंदवा.